जर्मनीला कामासाठी जायचे असेल, तर आधी पात्रतेची मान्यता पाहावी

महाराष्ट्राने २०२४ मध्ये जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला, आणि त्याच वर्षी जर्मनीने भारतीय कुशल कामगारांच्या वार्षिक व्हिसांची मर्यादा २० हजारांवरून ९० हजारांवर नेली. या आकड्यांवर विसंबून कर्ज काढू नये. तिथली पिढी निवृत्त होत असल्याने जागा खरोखरच रिकाम्या आहेत. मात्र व्हिसा वाढवल्याने त्या आपोआप भरत नाहीत, कारण खरी अडचण भाषा आणि पात्रतेची मान्यता, म्हणजे आपले शिक्षण तिथल्या शिक्षणाच्या तोडीचे मानले जाणे, यांपाशी येते.

म्हणून आपला व्यवसाय तिथे नियमनाखाली येतो का, म्हणजे तो करायला सरकारी परवाना लागतो का, हे प्रथम ‘मेक इट इन जर्मनी’ या सरकारी संकेतस्थळावर तपासावे. परिचारिकेचा व्यवसाय येतो. जीएनएम किंवा बीएससी नर्सिंग झालेल्या उमेदवाराचा अभ्यासक्रम तिथल्या अभ्यासक्रमाशी ताडून पाहिला जातो; उणिवा आढळल्यास ज्ञानचाचणी द्यावी लागते किंवा पूरक प्रशिक्षण घ्यावे लागते, आणि परवान्यासाठी साधारणतः बी-२ पातळीची (ए-१ ते सी-२ या सहा पातळ्यांतील चौथी) जर्मन लागते. तोवर सहायक म्हणून, कमी पगारावर काम करावे लागते. करारावर सही करण्यापूर्वी या काळातला पगार किती, भाषावर्गाचा खर्च कोणाचा आणि मध्येच नोकरी सोडल्यास किती रक्कम परत मागितली जाईल, हे लेखी घ्यावे. अनुभवी परिचारिकेला वर्षभर सहायकाच्या जागी राबवणे हा तिच्यावर अन्याय आहेच, शिवाय त्या रुग्णालयाची गरजही त्याने भागत नाही.

आयटीआय झालेल्यांसाठी जून २०२४ पासून ‘चान्सेनकार्टे’ हा नोकरी शोधण्याचा एक वर्षाचा परवाना सुरू झाला आहे. त्यासाठी किमान दोन वर्षांचे प्रशिक्षण लागते, त्यामुळे दोन वर्षांचा इलेक्ट्रिशियन ट्रेड त्यात बसू शकतो, एक वर्षाचा वेल्डर ट्रेड बसत नाही. पूर्ण मान्यता नसलेल्याला सहा गुण मिळवावे लागतात: वय ३५ च्या आत असल्यास दोन, बी-१ जर्मनसाठी दोन आणि गेल्या पाच वर्षांत दोन वर्षे संबंधित काम केले असल्यास दोन. वर्षभराच्या निर्वाहाची सोयही दाखवावी लागते. जर्मनचे वर्ग सर्वांत आधी सुरू करावेत. पुण्यात आणि मुंबईत मॅक्स म्युलर भवनात शिकण्याची आणि परीक्षेचीही सोय आहे.

एजंट गाठलाच, तर तो परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट प्रणालीत नोंदणीकृत आहे का, हे पाहावे. अशा एजंटला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावरील जीएसटी एवढेच सेवाशुल्क घेता येते, आणि त्याची पावती मागून घ्यावी.