परदेशी विद्यार्थ्यांना इंटर्नशिपचा शब्द देताय? या चुका टाळा

परदेशी विद्यार्थ्यांसाठी मंजूर जागांच्या वर आणखी 25 टक्क्यांपर्यंत जागा काढायची मुभा यूजीसीने 2022 मध्ये विद्यापीठांना दिली. जागा काढणं सोपं होतं, भरणं नाही. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणानुसार 2021-22 मध्ये देशभरात मिळून परदेशी विद्यार्थी होते 46,878, आणि त्यातले सुमारे 28 टक्के एकट्या नेपाळचे. अशा वेळी ब्रोशरवर 'हमखास इंटर्नशिप' ही ओळ टाकण्याचा मोह होतोच. त्यात वावगंही काही नाही. चाकण, हिंजवडी, खराडी हाकेच्या अंतरावर असताना पुण्यातल्या विद्यापीठाने ते सांगायचं नाही तर कोणी सांगायचं? आपली मुलं कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाचा को-ऑप अभ्यासक्रम बघून लाखो रुपये मोजतात. तिथे 1957 पासून हा प्रकार चालू आहे: काही महिने वर्गात, काही महिने कंपनीत.

फरक असा की त्यांनी आधी व्यवस्था उभी केली आणि मग तिच्या जिवावर नाव कमावलं. आपल्याकडे ओळ छापतो मार्केटिंग विभाग आणि निस्तरतो प्लेसमेंट सेल. दोघांची पहिली भेट बहुतेक वेळा विद्यार्थी तक्रार घेऊन आल्यावरच होते.

'आधार क्रमांक टाका'

गाडी अडते ती अशा किरकोळ वाटणाऱ्या ठिकाणी. टांझानियाचा किंवा येमेनचा विद्यार्थी मुलाखत पास होतो, मॅनेजर खूश असतो. मग एचआरकडून ऑनलाइन फॉर्मची लिंक येते. त्यात आधार क्रमांकाचा रकाना लाल चांदणीचा, म्हणजे भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. एचआरमधली मुलगी म्हणते, 'सिस्टिम घेत नाही.' तिचं चुकत नाही, कारण असा उमेदवार तिच्यासमोर कधी आलेलाच नसतो. त्यातून सुटलं तर कंपनीच्या गेटवरचा सिक्युरिटीवाला पुन्हा आधारच मागतो.

मागच्या बारा महिन्यांत 182 दिवस भारतात राहिलेल्या परदेशी नागरिकाला आधार काढता येतं. मुलगा दुसऱ्या वर्षाला असेल तर त्याला आधीच काढायला लावा. नवीन असेल तर पासपोर्ट, व्हिसा आणि रेसिडेन्शियल परमिट (भारतात राहण्याचा परवाना) यांवर काम भागेल का, हे कंपनीला मुलाखतीच्या आधी विचारा. स्टायपेंडचंही तसंच. परदेशी विद्यार्थ्याचं खातं बँकेत एनआरओ, म्हणजे अनिवासींसाठीच्या प्रकारचं उघडतात, आणि कोपऱ्यावरच्या प्रत्येक शाखेला त्याची सवय असतेच असं नाही. ज्या शाखेला सवय आहे तिचं नाव इंटरनॅशनल सेलच्या भिंतीवर चिकटवून ठेवा. संरक्षण खात्याला माल पुरवणारे कारखाने मात्र यादीतून सरळ वगळा. पुण्यात ते पुष्कळ आहेत, पण परदेशी नागरिकाला तिथे सहजासहजी आत सोडत नाहीत आणि यात कंपनीच्या हातातही फारसं काही नसतं.

व्हिसाचा विचार शेवटी करणं

स्टुडंट व्हिसावर नोकरी करता येत नाही. अभ्यासक्रमाचाच भाग असलेली इंटर्नशिप वेगळी, पण तिचं वेगळेपण कागदावर दिसायला हवं. म्हणून इंटर्नशिप क्रेडिटला, म्हणजे पदवीसाठी मोजल्या जाणाऱ्या श्रेयांकांना, जोडून घ्या. महाराष्ट्रात नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत पदव्युत्तरच्या पहिल्या वर्षाला ऑन जॉब ट्रेनिंग, म्हणजे आपलं 'ओजेटी', चार क्रेडिटचं आहेच. इंटर्नशिपचं एक क्रेडिट तीस तासांचं धरलं तर एकशेवीस तास झाले. एवढी तयार चौकट हाताशी असताना परदेशी विद्यार्थ्यांसाठी निराळं सर्टिफिकेट कशाला काढायचं, हे मला कधी कळलेलं नाही. ओजेटीचं पत्र, अभ्यासक्रमाचं पान आणि बोनाफाईड एकत्र जोडा आणि शंका असेल तिथे एफआरआरओकडून, म्हणजे परदेशी नागरिकांची नोंदणी करणाऱ्या सरकारी कार्यालयाकडून, लेखी उत्तर घ्या. 'मागच्या वर्षी चाललं होतं' याला लेखी उत्तर म्हणत नाहीत.

नेपाळ आणि भूतानच्या विद्यार्थ्यांना भारतात व्हिसाच लागत नाही. नेपाळच्या बाबतीत तर 1950 च्या करारामुळे कामधंद्यालाही अडचण नाही. म्हणजे ज्या देशातून सर्वाधिक विद्यार्थी येतात, त्यांना इंटर्नशिप देणं सगळ्यात सोपं. तरी काठमांडूला जाणारं ब्रोशर आणि नैरोबीला जाणारं ब्रोशर शब्दशः एकच असतं!

उलट दिशेची चूकही होते. परदेशातल्या विद्यापीठाचे विद्यार्थी दोन महिन्यांच्या इंटर्नशिपसाठी बोलावले जातात आणि 'टुरिस्ट व्हिसावर या, बघू' असं सांगितलं जातं. हे करू नका. इंटर्न व्हिसा ही स्वतंत्र श्रेणी आहे. कंपनी, शिक्षणसंस्था आणि स्वयंसेवी संस्था यांच्यासाठी तिच्या अटी सारख्या नाहीत, त्या पाहूनच निमंत्रणाचं पत्र द्या.

तारखा न जुळवणं

कोर्स मे महिन्यात संपतो, रेसिडेन्शियल परमिट जूनच्या शेवटी, आणि कंपनी म्हणते जुलैत या. शेवटच्या सत्रात हे हमखास घडतं. मुदतवाढीचा अर्ज ई-एफआरआरओ पोर्टलवर ऑनलाइन करता येतो, पण विद्यापीठाचं बोनाफाईड हातात नसेल तर तो अर्ज अडतो. आणि परीक्षा विभागाकडून बोनाफाईड मिळवणं हा मे महिन्यात काय प्रकार असतो, ते सगळ्यांना माहीत आहे. साधा उपाय असा की शेवटच्या सत्रावर इंटर्नशिप ठेवूच नका. मधल्या सत्रात ठेवली तर मुलगा परत वर्गात येतो, ज्युनिअरना सांगतो, आणि कागदपत्रांची टांगती तलवारही राहत नाही.

एमओयूंची फाइल

कंपन्यांशी केलेल्या सामंजस्य करारांची ही फाइल नॅकच्या, म्हणजे विद्यापीठांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या, भेटीसाठी जपून ठेवलेली असते. त्यातल्या एकेका करारावर चार प्रश्न लिहा: जागा किती, कोणत्या विभागात, कोणत्या महिन्यात, मेंटॉर कोण. उत्तर नसलेला करार जाहिरातीत वापरू नका. पाच कंपन्यांत मिळून बारा खऱ्या जागा असतील तर 'बारा' लिहा.

सरकारी योजनांची नावं टाकतानाही पात्रता वाचा. पंतप्रधान इंटर्नशिप योजना भारतीय नागरिकांसाठी आहे, परदेशी विद्यार्थ्यांच्या ब्रोशरवर तिचं काही काम नाही. आणि कंपनी मिळाली नाही म्हणून मुलाला इंटरनॅशनल सेलमध्येच बसवून फेस्टिव्हलची पत्रकं वाटायला लावायची, याला इंटर्नशिप म्हणू नका. त्यापेक्षा विद्यापीठाच्याच प्रयोगशाळेत एखाद्या प्राध्यापकाच्या चालू प्रकल्पावर काम द्या. ना गेटपासची कटकट, ना भाषेची. कारखान्याच्या शॉप फ्लोअरवर सगळा व्यवहार मराठी-हिंदीत चालतो. तिथे पाठवायचं तर आधी महिनाभर कामापुरतं मराठी शिकवा, नाहीतर मुलगा कोपऱ्यात बसून एक्सेल भरत राहतो.

पुरावा विद्यापीठाच्या शिक्क्याने द्या

घरी परतल्यावर विद्यार्थ्याला कागद साक्षांकित करून लागतात. विद्यापीठाच्या गुणपत्रिकेची वाट ठरलेली आहे. कंपनीच्या लेटरहेडवरचं पत्र शैक्षणिक कागदपत्रांत धरतीलच असं नाही. म्हणून कंपनीचं नाव, तास, कामाचं स्वरूप आणि क्रेडिट हे सगळं ट्रान्सक्रिप्टवरच छापा. खर्च शून्य, पण फार थोडी विद्यापीठं हे करतात.

राहिला परदेशातून विद्यार्थी आणून देणारा एजंट. तो टांझानियात दार-एस-सलामला बसून 'पुण्यात पार्ट-टाइम नोकरी मिळते' असं सांगत असेल तर पुढची सगळी मेहनत पाण्यात. त्याच्या हातात एक पानाचा लेखी मजकूर द्या: काय मिळेल, काय मिळणार नाही, स्टायपेंड नक्की आहे की नाही. तोच मजकूर विद्यार्थ्याला ऑफर लेटरसोबत थेट पाठवा आणि वाचल्याची सही घ्या. काही जण ते वाचून प्रवेश घेणार नाहीत, तेवढे जाऊ द्यावेत.