अंतराळ स्थानकाची चित्रं: आवाज येतो, पण चित्र बिघडतं? या चुका टाळा

अंतराळ स्थानकावरून रेडिओवर येणारं चित्र खराब आलं की नवीन लोक आधी अँटेनाला दोष देतात आणि यागी (एका दिशेला रोखायची अँटेना) विकत घ्यायला निघतात. अँटेना बहुतेक वेळा ठीक असते, गडबड सेटिंगमध्ये असते.

मुळात प्रक्षेपण चालू आहे का, ते बघा. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरून १४५.८०० मेगाहर्ट्झवर येणारी एसएसटीव्ही (आवाजाच्या रूपात ओळीओळीने पाठवलेली) चित्रं रोज येत नाहीत. 'अ‍ॅरिस' ही स्थानकावरच्या हौशी रेडिओची संस्था तसं जाहीर करते तेव्हा काही दिवस येतात. वेळा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत दिलेल्या असतात, भारतीय वेळेसाठी त्यात साडेपाच तास मिळवायचे. आणि स्थानक डोळ्यांना दिसणारे पास (आपल्या आकाशातून जाण्याच्या फेऱ्या) दाखवणाऱ्या अ‍ॅपवर विसंबू नका. रेडिओला अंधार लागत नाही, भर दुपारचा पासही तितकाच चालतो. हेव्हन्स-अबव्ह या संकेतस्थळावर सगळे पास बघता येतात.

सगळ्यात जास्त चित्रं स्क्वेल्चमुळे (सिग्नल कमकुवत असला की आवाज बंद करणारी सोय) वाया जातात. हातातल्या रेडिओ सेटवर तो चालू राहिला, तर सिग्नल जरा मंदावताच आवाज तुटतो आणि चित्रात तेवढ्या ओळींचा कचरा होतो. स्क्वेल्च पूर्ण उघडा ठेवा, खरखर सहन करा. मोड साधा एफएम हवा. एसडीआरवर (संगणकाला जोडून चालवायच्या रेडिओवर) आकाशवाणी ऐकायचा वाइड एफएम लावला तर खरखरच जास्त येते, आणि फिल्टर फार अरुंद ठेवला तर चित्राच्या कडा विस्कटतात. पंधरा किलोहर्ट्झच्या आसपास ठेवा. स्थानकाच्या वेगामुळे (डॉप्लर परिणाम) वारंवारता साडेतीन किलोहर्ट्झपर्यंत सरकते, तीही त्यात सामावते.

सेटसमोर फोन धरून 'रोबोट३६' या अ‍ॅपवर चित्र काढता येतं, फक्त त्या खोलीत गप्पा मारू नका! कुकरची शिट्टीसुद्धा चित्रात उमटते. लॅपटॉपला केबल जोडली असेल तर आवाज इतका वाढवू नका की तो फाटेल. त्याहून चांगली सवय म्हणजे अख्खा पास रेकॉर्ड करून ठेवणं. पीडी१२० या चित्र पाठवायच्या नेहमीच्या पद्धतीत एका चित्राला साधारण दोन मिनिटं लागतात आणि मध्ये विश्रांतीही असते, त्यामुळे दहा मिनिटांच्या चांगल्या पासात दोन-तीन चित्रंच पदरात पडतात. सुरुवातीचा संकेत हुकला तर चित्र काढणारा प्रोग्रॅम आपोआप सुरू होईलच असं नाही, मग पद्धत हाताने निवडावी लागते. रेकॉर्डिंग असेल तर हे सगळं नंतर निवांत करता येतं.

अँटेनाचं म्हणाल तर प्रत्येकी ४९ सेंटिमीटरच्या दोन तारांचा डायपोल पुरतो, मात्र तो गच्चीवर न्या. लोखंडी जाळीच्या खिडकीत ठेवून उपयोग नाही. हातातला सेट असेल तर तो पासभर तिरका फिरवत राहा, आवाज स्वच्छ होईल तिथे धरा. बोलायचं बटण मात्र चुकूनही दाबू नका, प्रक्षेपणाला परवाना लागतो.

चित्र स्वच्छ पण तिरकं आलं असेल तर रेडिओत काही बिघडलेलं नाही. साउंडकार्डचं घड्याळ किंचित मागेपुढे आहे, एमएमएसएसटीव्ही या संगणकावरच्या प्रोग्रॅममधल्या स्लँट (तिरकेपणा) दुरुस्तीने ते सरळ होतं.