आरनॉल्ड एअर सोसायटीत नाव घालण्याआधी

एअर फोर्स आरओटीसीत (अमेरिकी विद्यापीठांत हवाई दलाचे अधिकारी घडवणारा प्रशिक्षणक्रम) दाखल झालं की थोड्याच दिवसांत आरनॉल्ड एअर सोसायटी या कॅडेट्सच्या सेवासंघटनेची मंडळी नवीन नावं गोळा करायला येतात. ही सोसायटी नसली तरी कमिशन, म्हणजे अधिकारी म्हणून नेमणूक, अडत नाही, असली म्हणून लवकर मिळतही नाही. पगार नाही. पीटी (शारीरिक कसरत), लीडरशिप लॅब (नेतृत्वाचा सराव वर्ग) आणि अभ्यास सांभाळून वरचं काम मात्र भरपूर असतं. (अमेरिकी नागरिकत्वाशिवाय कमिशन मिळत नाही, हे भारतातून विद्यार्थी व्हिसावर आलेल्यांनी आधीच लक्षात घ्यावं.)

1947 मध्ये अमेरिकेचं हवाई दल भूदलापासून वेगळं झालं. त्याच वर्षी सिनसिनाटी विद्यापीठातल्या कॅडेट्सनी ही सोसायटी काढली. नाव दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी भूदलाच्या हवाई दलाचे प्रमुख असलेल्या जनरल हेन्री 'हॅप' आरनॉल्ड यांचं. विद्यापीठात स्क्वाड्रन (स्थानिक शाखा), त्यावर प्रादेशिक विभाग, त्यावर राष्ट्रीय मुख्यालय. कारभार कॅडेट्सच बघतात. वर्दीत नसलेल्या विद्यार्थ्यांसाठी सिल्व्हर विंग्स ही जोडसंघटना आहे. कवायतीची हौस असेल तर पर्शिंग रायफल्स या कवायतीच्या विद्यार्थी संघटनेकडे जावं, इथे भर सेवेवर.

सचोटी, स्वतःआधी सेवा, प्रत्येक कामात उत्कृष्टता ही हवाई दलाची तीन मूल्यं पाठ व्हायला मिनिटभर पुरतं. कस लागतो तो युद्धकैदी आणि बेपत्ता सैनिकांच्या आठवणीसाठी आळीपाळीने उभं राहून दिलेल्या जागत्या पहाऱ्यात. त्यांचा स्मृतिदिन सप्टेंबरचा तिसरा शुक्रवार, म्हणजे सत्र नुकतंच सुरू झालेलं असतं. जागेची परवानगी आणि कॅम्पस पोलिसांना कळवणं ऑगस्टमध्येच उरकावं.

हिशोब असा: 24 तास, अर्ध्या तासाची पाळी, एका वेळी दोघं. पाळ्या 48, प्रत्येकीत दोघं म्हणून भरायच्या जागा 96. स्क्वाड्रनमध्ये 24 जण असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला 4 पाळ्या. तक्ता सगळ्यांसाठी एकदम खुला केला की संध्याकाळ पटापट भरते आणि पहाटे 2 ते 5 मोकळं राहतं. म्हणून त्या 6 पाळ्या आधी वाटाव्यात, पहिली नावं पदाधिकाऱ्यांची घालावीत, दिवसाचा तक्ता नंतर उघडावा. रात्रीसाठी दोन राखीव माणसं हवीतच. कुणीतरी झोपून राहतंच. पहाऱ्याशेजारी न परतलेल्या सैनिकांसाठी रिकाम्या खुर्चीचं छोटं गोल टेबल मांडतात: पांढरं कापड, एक लाल गुलाब, लिंबाची फोड, चिमूटभर मीठ, पालथा ग्लास, मेणबत्ती. लिंबू त्या सैनिकांच्या कडू नशिबाचं प्रतीक, मीठ घरच्यांच्या अश्रूंचं. मांडणाऱ्याला प्रत्येक वस्तूचा अर्थ सांगता आला पाहिजे, येणारे-जाणारे विचारतातच. मेणबत्तीला वाऱ्यापासून आडोसा करायचा राहून जातो, तोही बघावा.

सभासद होण्याआधी उमेदवारीचा काळ असतो. त्यात सोसायटीचा इतिहास आणि रचना शिकायची, गटाने एखादा सेवाप्रकल्प पार पाडायचा, परीक्षा द्यायची. अन्नसंकलन सोपं वाटतं, पण ज्या संस्थेला अन्न द्यायचं तिला आधी फोन करून काय हवंय ते विचारा, नाहीतर नको असलेल्या डब्यांचा ढीग जमतो. रॅगिंगला सक्त मनाई आहे. शिक्षा म्हणून जोर काढायला लावणं, मध्यरात्री उठवणं, खासगी कामं सांगणं हे प्रशिक्षण नव्हे. असं झालं तर सीनियर कॅडेटशी वाद घालत न बसता थेट डिटॅचमेंटच्या (विद्यापीठातल्या आरओटीसी तुकडीच्या) अधिकाऱ्याकडे जावं.

सगळ्यात जास्त फटका बसतो तो जीपीएला, म्हणजे अभ्यासातल्या गुणांच्या सरासरीला. दुसऱ्या वर्षी फील्ड ट्रेनिंगची (कॅडेट्सच्या प्रशिक्षण शिबिराची) निवड होते, तेव्हा जीपीए, शारीरिक चाचणीचे गुण आणि कमांडरने लावलेला क्रम पाहतात. सेवेचे तास घसरलेला जीपीए भरून काढत नाहीत. इंजिनिअरिंगवाल्यांनी पहिलं सत्र जाऊ द्यावं, गुण हातात आल्यावर दुसऱ्या सत्रात नाव घालावं.