संदेष्ट्याने सांगितलेले अरिष्ट टळते का? पवित्र शास्त्रातील (बायबलमधील) असे उतारे कसे वाचावेत

यहूदाचा राजा हिज्कीया मरणाच्या पंथाला लागला असता यशया संदेष्टा (देवाचा निरोप सांगणारा) त्याच्याकडे येतो आणि सांगतो की, घराची निरवानिरव कर, कारण तू मरणार, जगणार नाहीस. या वाक्यात कोठेही ‘जर’ नाही. राजा भिंतीकडे तोंड फिरवतो, प्रार्थना करतो आणि मोठ्याने रडतो. यशया राजवाड्याच्या मधल्या चौकातून बाहेरही पडलेला नसतो, तोच परमेश्वर त्याला मागे फिरवतो आणि राजाच्या आयुष्यात १५ वर्षांची भर घालत असल्याचा निरोप देतो (२ राजे २०). मग पहिल्या निरोपाचे काय झाले? तो खोटा होता, असे शास्त्र म्हणत नाही. आणि प्रार्थना केली की कोणताही निर्णय फिरतो, असेही त्या अध्यायात लिहिलेले नाही. अभ्यासवर्गात हा विषय निघाला की एक बाजू हिज्कीयाचे नाव घेते, दुसरी बाजू ‘देव मनुष्य नव्हे की त्याने आपला विचार बदलावा’ या अर्थाचे गणना २३:१९ (गणना या पुस्तकाच्या २३व्या अध्यायाचे १९वे वचन) पुढे करते, आणि दोघेही आपापले एकच वचन धरून घरी जातात. तसे होऊ नये म्हणून अशा उताऱ्यांकडे कोणत्या क्रमाने जावे, ते येथे मांडले आहे.

सुरुवात यिर्मयाच्या १८व्या अध्यायापासून करावी, कारण या विषयावरचा नियम तेथे उघड शब्दांत सांगितलेला आहे. संदेष्टा कुंभाराच्या घरी जातो. चाकावरचे मडके कुंभाराच्या हातात बिघडते आणि त्याच मातीचे तो दुसरे मडके घडवतो. पुष्कळ वाचक ६व्या वचनाशी, म्हणजे ‘कुंभाराच्या हातातील माती’ या प्रतिमेशी थांबतात आणि त्यातून असा अर्थ काढतात की जे ठरले आहे ते ठरलेच आहे. प्रत्यक्षात प्रतिमेचा अर्थ ७ ते १० या वचनांत आहे आणि तो जवळजवळ उलट आहे: एखाद्या राष्ट्राला उपटून टाकीन असे मी म्हटले आणि ते राष्ट्र दुष्टाईपासून वळले, तर योजलेले अरिष्ट मी आणणार नाही, आणि एखाद्या राष्ट्राला बांधीन, लावीन असे म्हटले व त्याने माझे ऐकले नाही, तर योजलेले हितही मी करणार नाही. हा नियम दोन्ही दिशांनी चालतो, हे विसरू नये. धोक्याच्या सूचनेत न लिहिलेला ‘जर’ आपण आनंदाने वाचतो; आशीर्वादाच्या वचनातला ‘जर’ मात्र वाचायला आपण नाखूश असतो. एली याजकाच्या घराण्याने सर्वकाळ सेवा करावी असे देवाने म्हटले होते, आणि तोच देव १ शमुवेल २:३० मध्ये सांगतो की आता ते माझ्यापासून दूर असो.

यानंतर समोरचा उतारा कोणत्या प्रकारचा आहे, ते ठरवावे. इशारा, अभिवचन, शपथ आणि विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर हे सारे ‘भविष्यवाणी’ या एकाच शब्दाखाली येते, आणि पुढचा बहुतेक गोंधळ तेथूनच सुरू होतो. शेवटच्या प्रकाराचे चांगले उदाहरण कईला नगराचे आहे; शौल राजा मागावर असताना दावीद तेथे असतो. शौल येथे येईल काय, आणि नगरवासी मला त्याच्या हाती देतील काय, असे दावीद विचारतो. दोन्ही प्रश्नांना ‘होय’ असे उत्तर मिळते. दावीद आपली माणसे घेऊन निघून जातो आणि दोन्हींपैकी एकही गोष्ट घडत नाही (१ शमुवेल २३). उत्तर चुकले नव्हते. दावीद तेथेच राहिला असता तर काय झाले असते, हे त्यात सांगितले होते.

इशाऱ्याचे सर्वांत परिचित उदाहरण योना संदेष्ट्याचे. निनवे नगरातील त्याचा उपदेश मूळ इब्रीत (हिब्रू भाषेत) जेमतेम पाच शब्दांचा आहे: आणखी ४० दिवस, मग निनवे उलथली जाणार. त्यात पश्चात्तापाचे आवाहन नाही की सुटकेची अट नाही. तरीही एक गोष्ट लक्षात घ्यावी, ती म्हणजे मुदत. ज्याला नाश करायचाच आहे तो ४० दिवस आधी निरोप धाडत नाही. देवाने नष्ट केलेल्या सदोम नगराला अशी मुदत मिळालेली दिसत नाही. ‘उलथणे’ या अर्थाचे येथील इब्री क्रियापद सदोमाच्या नाशासाठीही वापरलेले आहे आणि त्याचा ‘पालटणे’ असाही अर्थ होतो, म्हणून निनवे खरोखर ‘पालटली’ आणि योनाचे शब्द खरे ठरले, असे काहीजण म्हणतात. श्लेष सुंदर आहे, पण सगळा अर्थ त्याच्यावर तोलू नये. लोकांनी स्वतः तो निरोप नाशाचाच समजून गोणताट (शोकाचे जाडेभरडे वस्त्र) नेसले होते. त्यांच्या राजाचे शब्द अधिक मोलाचे आहेत: कोण जाणे, देव कदाचित वळेल. आणि देवाने ते अरिष्ट आणले नाही. या ‘कोण जाणे’कडे पुढे पुन्हा यावे लागेल.

आता एक दुर्लक्षित अध्याय काढावा: यिर्मया २६. मंदिराच्या अंगणात यिर्मयाने यरुशलेमेच्या नाशाचा संदेश दिल्यावर याजक व संदेष्टे त्याला मृत्युदंड मागतात. तेव्हा देशातील काही वडीलधारे उठून जुना दाखला देतात. हिज्कीयाच्या दिवसांत मोरेष्टचा मीखा म्हणाला होता की सीयोन (यरुशलेम) शेतासारखी नांगरली जाईल; हिज्कीयाने त्याला मारले काय? त्याने परमेश्वराचे भय धरले, त्याची विनवणी केली आणि परमेश्वराने ते अरिष्ट आणले नाही. मीखाच्या पुस्तकात (३:१२) हे वाक्य कोणत्याही अटीशिवाय आहे. तरीही सुमारे शंभर वर्षांनंतर हे वडील मीखाला खोटा ठरवत नाहीत. त्याचा संदेश सफल झाला म्हणूनच नगर उभे राहिले, असे त्यांचे म्हणणे आहे. न घडलेल्या भविष्यवाणीचा अर्थ शास्त्रातल्याच माणसांनी कसा लावला, हे येथे उघड दिसते, आणि म्हणून कोणत्याही टीकाग्रंथाआधी हा अध्याय वाचावा, असे माझे मत आहे.

अनुवाद या पुस्तकातील १८:२२ ची कसोटी, म्हणजे जे सांगितले ते घडले नाही तर ते वचन परमेश्वराचे नव्हे, ही याच्याजवळच ठेवून वाचावी लागते. यिर्मया २८ ती कसोटी कोठे अधिक कडकपणे लागू होते ते दाखवतो. बाबेलचे जू (बाबेलची सत्ता) दोन वर्षांत मोडेल, असे हनन्या नावाचा संदेष्टा सांगतो. त्यावर यिर्मया म्हणतो की शांतीचे भाकीत करणारा संदेष्टा त्याचे वचन प्रत्यक्षात आले म्हणजेच ओळखला जातो. टळलेला इशारा संदेष्ट्याला खोटा पाडत नाही. न आलेली शांती मात्र संशय घ्यायला लावते. भरभराटीची भाकिते सढळ हाताने वाटणाऱ्यांनी हा अध्याय डोळ्यांपुढे ठेवला तर बरे.

मग न टळणारे असे काही आहे काय? आहे, आणि मजकूर त्याची खूण सहसा स्वतःच देतो. पहिली खूण शपथेची. एलीच्या घराण्याचा दोष यज्ञाने किंवा अर्पणाने कधीही फिटणार नाही, हे देव शपथेने सांगतो (१ शमुवेल ३:१४). स्तोत्र ११० मध्ये ‘परमेश्वराने शपथ वाहिली आहे, तो ती बदलणार नाही’ अशा अर्थाचे शब्द आहेत, आणि इब्री लोकांस पत्राचा ६वा अध्याय साधे वचन आणि शपथेचे वचन या भेदावर उभा आहे. दुसरी खूण म्हणजे मध्यस्थीच बंद केली जाणे. आमोसच्या ७व्या अध्यायात टोळांचा दृष्टांत दिसताच संदेष्टा विनवतो आणि ते टळते; अग्नीचा दृष्टांत दिसतो, तो पुन्हा विनवतो, तेही टळते; तिसऱ्या वेळी ओळंबा दिसतो आणि आमोस एक शब्दही विनवणीचा बोलत नाही. भिंत ओळंब्यात नाही हे एकदा दिसल्यावर गवंड्याशी वाद कसला घालणार? यिर्मयाला तर या लोकांसाठी प्रार्थना करूच नको, असे स्पष्ट सांगितले जाते (७:१६), आणि मोशे व शमुवेल माझ्यापुढे उभे राहिले तरी माझे मन या लोकांकडे वळणार नाही, असेही (१५:१). योशीया राजाने मनापासून सुधारणा केली. हुल्दा संदेष्ट्रीने त्याला सांगितले की नगरावरचे अरिष्ट येईलच, पण तुझ्या डोळ्यांना ते दिसणार नाही. इ.स.पू. ५८६ मध्ये यरुशलेम पडली.

गणना २३:१९ चे कोडे सोडवताना १ शमुवेल १५ हा अध्याय पूर्ण वाचावा, एक वचन उचलू नये. ११व्या आणि ३५व्या वचनांत शौलाला राजा केल्याबद्दल परमेश्वर पस्तावला असे आहे, आणि मधल्या २९व्या वचनात तो पस्तावणारा मनुष्य नव्हे असे आहे. तिन्ही ठिकाणी इब्री क्रियापद एकच आहे. लेखकाला विसंगती कळली नसेल, असे मानणे कठीण आहे. माणूस लहरीने, भीतीने किंवा पुढचे न दिसल्यामुळे मन बदलतो, तसे देव बदलत नाही. पण माणूस बदलला म्हणजे त्याच्याशी देवाचे वागणे बदलते, आणि हे बदलणे त्याच्या न बदलणाऱ्या स्वभावातूनच येते. योनाची तक्रार नेमकी हीच आहे: तू दयाळू व मंदक्रोध आहेस हे मला ठाऊक होते, म्हणून तर मी पळालो (४:२).

त्यानंतर, प्रार्थनेने नेमके काय बदलले, हे प्रत्येक उताऱ्यात मोजावे. नाबोथाच्या खुनानंतर एलीया संदेष्ट्याचे शब्द ऐकून अहाब राजाने गोणताट नेसले, तेव्हा शिक्षा रद्द झाली नाही, त्याच्या मुलाच्या दिवसांवर ढकलली गेली. आणि पुढे त्या मुलाचे प्रेत नाबोथाच्याच शेतात टाकले गेले. निनवे त्या पिढीपुरती वाचली, इ.स.पू. ६१२ मध्ये मात्र तिचा नाश झाला. हिज्कीयाला १५ वर्षे मिळाली. त्याच्यामागून आलेला मनश्शे गादीवर बसला तेव्हा १२ वर्षांचा होता, म्हणजे त्या वाढीव काळातच जन्मलेला. आणि यरुशलेमेच्या नाशाचे कारण म्हणून पुढे त्याच मनश्शेची पापे सांगितली आहेत. शास्त्र हा धागा स्वतः जोडून दाखवत नाही, म्हणून आपणही त्याचा सिद्धांत करू नये, पण वाचताना तो नजरेआड करणेही अवघड जाते. पेत्र या शिष्याच्या बाबतीत येशू सांगतो की तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी विनंती केली आहे. कोंबडा आरवण्यापूर्वी येशूला ओळखत नसल्याचा पेत्राचा नकार तरीही घडतो, विश्वास मात्र टिकतो (लूक २२).

दावीदाचा प्रसंग सर्वांत सावकाश वाचावा. नाथान संदेष्टा त्याला एकाच दमात दोन गोष्टी सांगतो: परमेश्वराने तुझे पाप दूर केले आहे, आणि तुझे मूल मरेल. क्षमा झाली तरी परिणाम उरला. दावीद उपास करतो, जमिनीवर पडून राहतो; सातव्या दिवशी मूल मरते. चाकर विचारतात तेव्हा तो म्हणतो की मूल जिवंत होते तोवर मी रडलो, कारण मला वाटले, कोण जाणे, परमेश्वर माझ्यावर कृपा करील. निनवेच्या राजाच्या तोंडी आलेले शब्द येथेही तेच आहेत, योएल २:१४ मध्येही तेच. एकदा उत्तर होकारार्थी आले, एकदा नकारार्थी. दोन्हीकडे मागणारा माणूस मात्र चुकीचा ठरवलेला नाही. शास्त्रातली प्रार्थना या ‘कोण जाणे’च्या जागेवर उभी असते. म्हणूनच आपल्या घरावर अरिष्ट येणार असल्याचे कोणी सांगितले आणि ते टाळण्यासाठी विशेष प्रार्थनेची रक्कमही सांगितली, तर तेथून उठून यावे. निनवेत योनाने कोणाकडून दमडीही घेतल्याचे लिहिलेले नाही.

पश्चात्ताप म्हणजे काय, याचे उत्तर थोडक्यात मिळते: योना ३:१० मध्ये देवाने निनवेच्या लोकांची कृती पाहिली, असे आहे, आणि दानीएल बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याला दीनांवर दया कर असे सांगतो. अरिष्ट कळल्यावर प्रत्येक वेळी ते टाळण्याचीच प्रार्थना करावी असेही नाही; अगब या संदेष्ट्याने दुष्काळाचे भाकीत केले तेव्हा अंत्युखियाच्या शिष्यांनी यहूदीयातील बांधवांसाठी ऐपतीप्रमाणे मदत गोळा केली (प्रेषितांची कृत्ये ११).

एवढे झाल्यावर सरावासाठी यिर्मया ३६ घ्यावा आणि वरील प्रश्न त्याला स्वतःच विचारावेत. हा इशारा आहे की शपथ? मुदत आहे काय? तिसऱ्या वचनात देव गुंडाळी लिहायला का सांगतो आणि तेथे ‘कदाचित’ कशासाठी आहे? गुंडाळी वाचून झाल्यावर कोण घाबरले, आणि कोणी वस्त्रे फाडली नाहीत? नववा महिना आहे, शेगडी पेटलेली आहे, आणि तीन-चार रकाने वाचून होताच यहोयाकीम राजा ते चाकूने कापून विस्तवात टाकतो. यिर्मया दुसरी गुंडाळी घेतो, त्याचा लेखनिक बारूख तीत जळालेली सर्व वचने पुन्हा लिहितो, आणि त्यांत तशीच आणखी पुष्कळ वचने घातली जातात.