पान उलटायची घाई आणि इतर चुका: लहानांना चित्रपुस्तक वाचून दाखवताना

सोलापूरच्या पूर्व भागात, दोन्ही बाजूंनी यंत्रमागांचा खटखटाट चालू असताना, दर शनिवारी सकाळी मी तीन ते सहा वर्षांच्या पोरांना पुस्तकं वाचून दाखवते. फडताळात पुस्तकं बरीच आहेत, पण पोरं मागतात ते एकच. एरिक कार्लचं 'द व्हेरी हंग्री कॅटरपिलर', म्हणजे आमच्या भाषेत खादाड सुरवंट. सोमवारी एक सफरचंद, मंगळवारी दोन पेअर, बुधवारी तीन प्लम, गुरुवारी चार स्ट्रॉबेऱ्या, शुक्रवारी पाच संत्री, आणि खाल्लेल्या प्रत्येक फळाला पानात खरंखुरं भोक. शनिवारी केकपासून कलिंगडापर्यंत दहा पदार्थ, रात्री पोटात कळ, आणि रविवारी एक हिरवं पान खाल्ल्यावर कुठे बरं वाटतं.

मदतीला नवी मुलंमुली येतात, हौसेने आलेले आईबाबाही येतात, आणि सगळे त्याच त्याच चुका करतात. सांगून सांगून माझा घसा बसला, म्हणून आता लिहून काढते.

पुस्तकाऐवजी पडदा

सगळ्यात जास्त चिडचीड माझी या चुकीवर होते. कॉलेजातला एक उत्साही मुलगा आला होता. म्हणाला, "ताई, पुस्तक कशाला धरून बसता? एवढ्या पोरांना दिसत पण नाही. माझ्याकडे पीडीएफ आहे, प्रोजेक्टर लावू की." दुसऱ्याच्या पुस्तकाची अशी पीडीएफ फिरवणं मुळातच मला पटत नाही, पण म्हटलं, बघू तरी.

खिडक्यांवर चादरी टांगल्या (सोलापुरात चादरींना काय तोटा!) आणि भिंतीवर हे भलंमोठं सफरचंद आलं. चार वर्षांची एक पोरगी उठली, भिंतीपाशी गेली आणि सफरचंदावरच्या काळ्या ठिपक्यावर बोट दाबलं. तिच्या हाताची सावली पडली, अर्धं सफरचंद गायब झालं. तिने पुन्हा दाबलं, मग माझ्याकडे वळून म्हणाली, "ताई, हे बंद आहे की."

बंदच होतं. या पुस्तकाचा जन्मच भोकातून झालाय. कार्ल पंचिंग मशीनने कागदांच्या गठ्ठ्याला भोकं पाडत बसला होता, त्यातून त्याला पुस्तकं कुरतडणाऱ्या किड्याची गोष्ट सुचली. किड्याचा सुरवंट नंतर झाला, संपादक बाईंच्या सूचनेमुळे. 1969 साली पुस्तक निघालं तेव्हा ही भोकं आणि लहानमोठ्या रुंदीची पानं अमेरिकेत परवडणाऱ्या खर्चात छापून मिळेनात, म्हणून ते जपानमध्ये छापून घेतलं. एका माणसाने भोकांसाठी एवढा खटाटोप केला आणि आपण त्यांचे भिंतीवर ठिपके करून टाकतो.

आता माझ्याकडे एका वेळी आठच पोरं बसतात. बाकीची दुसऱ्या खेपेला. वेळ दुप्पट लागतो, लागू दे. ज्यांना पडद्यावरच दाखवायचंय त्यांनी 'प्रथम बुक्स' या संस्थेच्या स्टोरीवीव्हर वेबसाइटवरच्या मराठी गोष्टी घ्याव्यात. त्या मोफत आहेत आणि वापरायला परवानगीही आहे.

पान उलटायची घाई

मजकूर तुमच्यासाठी असतो, चित्र पोरांसाठी. तुमची ओळ तीन सेकंदांत संपते, पोराचं चित्र संपत नाही. सोमवारचं पान सगळ्यात अरुंद, पुढचं त्याहून रुंद, शुक्रवारचं सगळ्यात मोठं. घाई करणारा माणूस पाचही पानं एका चिमटीत उलटतो आणि आठवडा खलास. प्रत्येक पानामागे सुरवंट भोकातून बाहेर येताना दिसतो, तो बघायलाच तर पोरं पुढे सरकतात. मी वाचून झाल्यावर मनात पाच आकडे मोजते. तरी कुणी पानावर झुकलेलं असेल तर गप्प बसते. नवख्यांना ही शांतता सोसत नाही. मग ते "किती संत्री? मोजा बरं! मोठ्याने!" सुरू करतात. अहो, ही गोष्ट आहे, तोंडी परीक्षा नाही.

"मराठीत बोल"

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. आमच्याकडची निम्मी पोरं पद्मशाली विणकरांच्या घरांतली, घरी तेलुगू. काही कन्नड. पहिल्या वर्षी सुरवंटाचं चित्र दाखवलं तसा एक मुलगा ओरडला, "गोंगळी पुरुगु!" मी म्हटलं, "नाही रे, सुरवंट म्हण." तो गप्प झाला. पुढचे तीन शनिवार माझ्यासमोर तोंडच उघडलं नाही त्याने.

त्याच्या आजीला विचारलं तेव्हा कळलं, गोंगळी म्हणजे घोंगडी. घोंगडी पांघरलेला किडा! मग कन्नड बोलणाऱ्या एका आईने सांगितलं, आमच्यात कंबळी हुळू म्हणतात. कंबळी म्हणजे कांबळं. चादरींच्या गावात शेजारच्या दोन्ही भाषा त्या केसाळ जीवाला पांघरूण घालून बसल्यात आणि मी "सुरवंट म्हण" करत होते. आता पहिलं पान उघडलं की आधी तिन्ही नावं होतात, मगच अंडं फुटतं. तो मुलगा आता पुरुगुचा आवाजसुद्धा काढतो. आवाज कसा असतो ते मला विचारू नका.

याच्याच जवळची चूक म्हणजे आधी इंग्रजी ओळ वाचायची, मग तिचा अर्थ सांगायचा. पोरं इंग्रजीत सुटतात आणि मराठीत परत येत नाहीत. आदल्या रात्री घरी दोनदा वाचा, दुसऱ्या दिवशी सरळ मराठीत सांगा. तेवढी तयारी जिवावर येत असेल तर शनिवारी झोपा काढा.

उलट टोकही नको. सलामी न् स्विस चीज कुणाला कळणार, म्हणून मी एकदा शनिवारच्या पानावर कडक भाकरी आणि शेंगाचटणी घुसवली. "कुठाय?" एक पोरगा पानावर नाक टेकवून शोधत राहिला. चित्रात जे आहे तेच सांगा. चीज माहीत नसलं तरी भोक पडलेला पिवळा तुकडा त्याला दिसतो.

बारीकसारीक: खिडकीकडे पाठ करून बसू नका, पुस्तक काळं दिसतं. अंगठा चित्रावर नको. मागाच्या आवाजावर ओरडू नका, हळू बोला, पोरं आपोआप जवळ येतात. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली दुपारची वेळ ठेवणाऱ्याला मी काय बोलू? आणि उपाशी पोरांना हे पुस्तक वाचून दाखवू नका, शनिवारचं पान आलं की रडारड होते.

गोष्टीच्या शेवटी सुरवंट कोशात जातो आणि फुलपाखरू होतो. त्या कोशावरून इंग्रजी वाचक वाद घालतात, कारण पुस्तकात लिहिलाय तो 'ककून' शब्द पतंगाच्या रेशमी कोशाचा, फुलपाखराचा कोश वेगळा. आपल्याकडे दोन्हीला कोशच म्हणतात. वाद मिटला, पुढे चला.

शेवटी "यातून काय शिकलात?" विचारू नका. मी विचारलं होतं. उत्तर आलं, "केक खायचा, मग पान खायचं."

आणि "परत!" म्हटलं की परत वाचा. "मागच्या शनिवारी झालं ना" म्हणणाऱ्याला मी पुढच्या वेळी बोलवत नाही. पुस्तक झिजतं, हे खरं. चिकटपट्टी लावू नका, पिवळी पडून पानं एकमेकांना धरते. मी पातळ कागद आणि खळ वापरते. दोन वर्षांखालच्यांच्या हातात जाड पुठ्ठ्याचीच प्रत द्या. माझ्या प्रतीतला बुधवार तीनदा चिकटवून झालाय, तिसऱ्या प्लमचं भोक आता दोन बोटं जातील एवढं झालंय. नवी प्रत आणली होती. पोरांनी हात लावून पाहिला आणि जुनी मागितली.