मोठं घर, नागपूरचा मे महिना आणि लाइट बिल: आम्ही केलेल्या या चुका टाळा

बेसा रोडला आम्ही दुमजली घर बांधलं तेव्हा वास्तूला आलेल्या सगळ्यांनी टाइल्स पाहिल्या, किचन पाहिलं, डबल हाइटचा हॉल पाहून वा वा केली, पण एकानंही विचारलं नाही की भाऊ हे उन्हाळ्यात थंड कसं ठेवणार. मग मे महिन्याचं पहिलं बिल आलं, 1,140 युनिट. बायकोनं ते फ्रिजवर मॅग्नेटनं लावून ठेवलं, अजूनही तिथंच आहे. त्यानंतरच्या तीनचार उन्हाळ्यांत काय काय चुकलं ते लिहून राहिलोय.

आधी बिलाचं समजून घ्या, कारण बहुतेक लोकांचा हिशोब इथंच चुकतो. महावितरणचे घरगुती टप्पे म्हणजे 100 पर्यंत, मग 300, मग 500 आणि त्याच्या वर. पहिल्या 100 चा दर आणि 500 च्या वरचा दर यात जवळपास तिपटीचा फरक पडतो. आता आमच्याकडे हिवाळ्यातसुद्धा फ्रिज, मोटर, गिझर, टीव्ही मिळून 270-280 युनिट लागतातच, म्हणजे स्वस्तातले युनिट तिथंच संपले, उन्हाळ्यात एसीचा प्रत्येक युनिट वरच्या महागड्या टप्प्यातच पडणार आणि त्यावर 16 टक्के वीज शुल्क वेगळं. लोक काय करतात, एकूण बिलाला एकूण युनिटनं भागतात आणि म्हणतात एसी एवढ्याला पडला. नाही हो, एसी त्याहून बराच महाग पडतो. आणि उलटी एक गैरसमजूत, की 501 वा युनिट झाला की सगळंच बिल वरच्या दरानं लागतं. तसं नसतं, त्या टप्प्यातल्या युनिटलाच तो दर लागतो, म्हणून 1,000 वरून 800 वर आलात तरी फायदा चांगलाच दिसतो.

दुसरी चूक, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी, म्हणजे गच्ची तशीच उघडी सोडून खाली एसी बसवत जाणं. एकदा रात्री 11 ला वरच्या बेडरूममध्ये स्टुलावर चढून सिलिंगला हात लावून पाहा. मी लावला तर पोळ्या झाल्यावर उतरवून ठेवलेल्या तव्यासारखं लागलं. 5 इंचाचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि ते रात्री दोनतीनपर्यंत खाली सोडत राहतो, मग एसी बिचारा खोलीशी नाही, त्या स्लॅबशी भांडत राहतो. आम्ही मार्चमध्ये गच्ची धुऊन चुना मारला, त्यात फेव्हिकॉल घालून, दोन हात. रंगाच्या दुकानात हीट रिफ्लेक्टिव्ह पेंट मिळतो तोही चांगला, पण महाग. चुना पावसात उतरतो, दरवर्षी मारावा लागतो, आणि वावटळीची धूळ बसली की एप्रिलमध्ये एकदा झाडून घ्या, पांढरं मळलं की उपयोग कमी होतो. संध्याकाळी गच्चीवर पाणी मारणारेही आहेत, गार होते खरी, पण ज्यांच्याकडे उन्हाळ्यात टँकर येतो त्यांनी कृपया नको.

पश्चिमेच्या खिडक्यांचंही तसंच. आम्ही जाड ब्लॅकआउट पडदे घेतले, भारीतले. पण पडदा आतून असला की ऊन काचेतून आत येऊनच पडद्यावर थांबतं ना, मग तो पडदाच तापून हीटर बनतो. शेवटी बाहेरून हिरवी नेट आणि बांबूची चटई बांधली, पडद्यांच्या मानानं खर्च काहीच नाही, फरक त्याच दिवशी कळला.

आता कूलर. नागपुरात राहून कूलरला गावठी म्हणणाऱ्यांना मी हात जोडतो. एप्रिल-मेमध्ये इथली हवा इतकी कोरडी की धुतलेली चादर अर्ध्या तासात पापडासारखी कडक होते, असल्या हवेत कूलर जे काम करतो ते मुंबई-रत्नागिरीला कधीच करणार नाही. लोखंडी बॉडीच्या मोठ्या कूलरचा पंखा आणि पंप मिळून 200-250 वॅटच्या आसपास, दीड टनाचा एसी पूर्ण जोरात चालला की 1,500 च्या घरात. पण लोक कूलर लावतात आणि एसीसारखी सगळी दारं-खिडक्या बंद करतात. मग तासाभरात खोली चिकचिक, उशी दमट, आणि कूलर काही कामाचा नाही म्हणून निकाल. कूलरची हवा बाहेर जायला समोरच्या बाजूची खिडकी अर्धी तरी उघडी पाहिजेच.

आणि तरीही गार हवा येत नसेल तर बाहेर जाऊन ताटीवर, म्हणजे कूलरच्या बाजूला लावलेल्या, पाण्यानं भिजत राहणाऱ्या वाळ्याच्या जाळीवर, तळहात ठेवा. आमच्याकडे गेल्या वर्षी डाव्या ताटीत चार बोटं रुंदीचा एक पट्टा वरून खालपर्यंत कोरडा होता. बोअरच्या पाण्याचा क्षार बसून वरच्या पाइपाची तीन भोकं बुजलेली, तिथं पाणीच उतरत नव्हतं, आणि हवा लबाड, ती ओल्या ताटीतून कशाला घुसेल, त्या कोरड्या पट्ट्यातून 45 डिग्रीची झळ तशीच आत. खिळ्यानं भोकं मोकळी केली, पाच मिनिटांचं काम, आणि आम्ही नवा कूलर घ्यायला निघालो होतो. वाळ्याच्या ताट्या दरवर्षी बदलाच, गेल्या वर्षीच्या ताट्यांवर पांढरे खडे धरलेले असतात.

एकाच खोलीत कूलर आणि एसी सोबत लावू नका. आमच्या एका पाहुण्यांनी लावलं होतं, डबल थंड म्हणून. कूलर हवेत पाणी घालणार, एसी तेच पाणी काढून ड्रेन पाइपातून बाहेर टाकणार, आणि दोघांचं बिल तुम्ही भरणार.

एसीचं थोडक्यात सांगतो. 18 वर लावलं म्हणून खोली लवकर गार होत नाही, फक्त मशीन थांबत नाही. 2020 पासून स्टार रेटिंगचे नवे एसी सुरू केल्यावर 24 वरच येतात, बीईईच्या (हे स्टार रेटिंग देणारी केंद्र सरकारची संस्था) हिशोबानं एकेक डिग्री वाढवली की साधारण 6 टक्के वीज वाचते, आम्ही 26 ठेवतो आणि पंखा 2 वर. एसीची क्षमता मोजतात ती बाहेर 35 डिग्री धरून, आपल्याकडे 45 ला तो तेवढं काम देत नाही, त्यामुळे वरच्या मजल्याला पुण्याच्या भाच्याचं टनाचं गणित लावू नका. आउटडोअर युनिट भर उन्हात नको, आणि चोरीच्या भीतीनं चारी बाजूंनी पत्रा ठोकून तर मुळीच नको, स्वतःचीच गरम हवा परत ओढतं. वर सावली, समोर मोकळं, बस.

गॅसचं मात्र सांगायलाच पाहिजे. दोन सीझन आमच्याकडे मेकॅनिक आला, गॅस कमी झाला म्हणाला, भरून गेला, पैसे घेऊन गेला. गॅस म्हणजे काय पेट्रोल आहे का संपायला? कमी झाला म्हणजे कुठून तरी गळतोय. तिसऱ्या वेळी दुसरा पोरगा आला, त्यानं आधी वाटीत साबणाचं पाणी केलं, जॉइंटवर फासलं आणि एका नटाशी बारीक बुडबुडे दाखवले. तोपर्यंत दोन उन्हाळे तो एसी बंदच न होता चालत होता आणि आम्ही बिलाला शिव्या देत होतो.

डुप्लेक्सवाल्यांची खास अडचण म्हणजे जिना. गार हवा जड, वर एसी लावला की दार उघडताच ती जिन्यानं खाली उतरते आणि गरम हवा वर येते. आम्ही जिन्याच्या तोंडाशी जाड पडदा लावला. पण खरा फरक पडला तो आईचं ऐकल्यावर. ती पहिल्या वर्षीच म्हणाली होती, मे महिनाभर वर कुणी झोपू नका, सगळे खाली या. तेव्हा नाही ऐकलं, पोरांना आपापल्या खोल्या पाहिजे होत्या. आता 20 एप्रिलला वरचा मजला बंद, सात जणं खालच्या दोन खोल्यांत, एकीत एसी, एकीत कूलर, हॉलमध्ये फक्त पंखे. गेल्या मेचं बिल 610 युनिट.

सोलरचं विचारतात सगळे. पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78,000 सबसिडी आहे, रोज 12 युनिटच्या आसपास येतात, वर पॅनेलची सावली स्लॅबला मिळते तो बोनस. पण 1,140 युनिट धरून सिस्टिम घेतली असती तर दुप्पट पैसे अडकले असते, म्हणून आधी खर्च खाली आणला, आता कोटेशन घेऊन राहिलो.

आणि मृगाचा पाऊस पडला की कूलर बंद करा. दमट हवेत तो नुसता चिकटपणा वाढवतो, तेव्हा पंखा किंवा एसीचा ड्राय मोड बरा. टाकीतलं पाणी तसंच ठेवू नका, डेंगीचे डास त्याच पाण्यात अंडी घालतात. सीझनमध्येही आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून घासा, आणि शेवटी पंप काढून, पुसून, कोरडा करून वेगळा ठेवा, नाहीतर पुढच्या मार्चला तो जाम निघतो.