शेळ्यांतले जंत: बाटली उघडण्याआधी या चुका टाळा

पाऊस लागला की तीच तक्रार ऐकू येते: "सगळ्या कळपाला औषध पाजलं, तरी शेळ्या मरतायत."

सगळ्यांना पाजलं, हीच तर चूक! कळपातले बहुतेक जंत थोड्याच शेळ्यांच्या पोटात असतात. बाकीच्या स्वतःच्या ताकदीवर त्यांना दाबून धरतात, आणि ती ताकद काही प्रमाणात पिल्लांतही उतरते. दर महिन्याला सरसकट औषध दिलं की कणखर शेळी कोणती ते कळतच नाही. वर औषधाला न जुमानणारे जंत तेवढे मागे उरतात आणि वाढतात.

ओळखीच्या एका शेळीपालकाकडे श्रावणात हेच पाहिलं. वर्षानुवर्षं एकच औषध, तेही वजन न करता अंदाजाने. शेळ्यांच्या पापण्या पांढऱ्याफटक, काहींच्या जबड्याखाली पाणी उतरलेलं. औषध देऊन दोन आठवडे झाले तरी लेंडीत अंडी खच्चून. एक बुटकी काळी उस्मानाबादी मात्र खडखडीत होती. तिच्या लेंडीत अंडी नावालाच. तिच्या पाटी, म्हणजे मादी पिल्लं, कुठे आहेत, विचारलं. "अंगाने लहान म्हणून बाजारात दिल्या." आणि पैदाशीला ठेवलेला बोकड? दर पावसाळ्यात आडवी होणाऱ्या शेळीचा, पण दिसायला उंचापुरा. अशी निवड पाहिली की जीव तुटतो.

पावसाळ्यात मी दर आठवड्याला प्रत्येक शेळीची खालची पापणी उजेडात उलटून बघतो. लाल असेल तर औषध नाही. फिकी असेल तर वजन करून औषध आणि वहीत बिल्ल्याचा नंबर. ज्या शेळीचा नंबर पुन्हापुन्हा येतो, तिचं पिल्लू पैदाशीला ठेवत नाही. बोकड निवडताना लेंडी तपासून घेतोच, कारण पापणी फक्त रक्त पिणाऱ्या हिमॉन्कस या जंताचा अंदाज देते, आणि धडधाकट दिसणारी शेळीही रानभर अंडी टाकत असू शकते. याला वर्षं लागतात. एका हंगामात निकाल हवा असणारे पुन्हा बाटलीकडेच वळतात.

विण्याच्या सुमारास चांगल्या शेळीचीही ताकद ढिली पडते. तेवढ्यावरून तिला काढू नका. औषध रोखून कोवळ्या करडांची परीक्षा तर घेऊच नका.

मेंढीच्या मात्रेने शेळीला औषध देऊ नका. शेळीचं शरीर बरीच औषधं लवकर बाहेर टाकते, म्हणून मात्रा डॉक्टरांकडूनच घ्या. गाभणपणाच्या सुरुवातीला अल्बेंडाझोल हे जंताचं औषध टाळा.

दव असताना आखूड गवतावर सोडू नका, जंतांच्या अळ्या तिथेच असतात. बोर, बाभूळ, शेवरीचा पाला उंच बांधा.

विकत आणलेली शेळी वेगळी ठेवा. औषध दिल्यावर दोन आठवड्यांनी लेंडी तपासा, अंडी दिसली नाहीत तरच कळपात घ्या. विकणारा "कालच पाजलंय" म्हणाला, तरीही.